यंदा बारावी आहे!

चवथीचा सण जवळ आला, की गोव्यातील वाड्यावाड्यांवर संध्याकाळी घुमटांचा नाद ऐकू येऊ लागतो. वर्षभर खुंटीला टांगलेली घुमटे खाली काढली जातात, शामेळ आणि कासाळे बाहेर निघतात, देवळाच्या मंडपात किंवा कुणाच्या पडवीत मुले जमतात आणि जुन्या आरत्या नव्या गळ्यांत उतरू लागतात. या मेळ्यात दरवर्षी एखादी जागा रिकामी दिसते. गेल्या वर्षापर्यंत ज्याच्या हाताच्या ठेक्यावर सारी आरती उभी राहत होती, तो सतरा वर्षांचा मुलगा आलेला नसतो. चौकशी केली तर उत्तर ठरलेले असते: ‘यंदा बारावी आहे त्याची!’ या चार शब्दांपुढे कुणी काही विचारीत नाही. एखाद्या घरात सुतक आहे म्हटल्यावर शेजारी जसे समजून परत फिरतात, तसेच लोक हे उत्तर ऐकून परत फिरतात.

सुतकाची उपमा आम्ही थट्टेने दिलेली नाही. बारावीचे वर्ष लागले, की अनेक घरांत खरोखरच काही गोष्टी वर्ज्य होतात. तबला-डग्गा कापडात गुंडाळून माळ्यावर जातो. हार्मोनियमवर वह्यांचा ढीग चढतो. चित्रांच्या वह्या कपाटाच्या तळाशी जातात. बुद्धिबळाचा पट मिटतो. संगणकावर स्वतःच्या बुद्धीने काही रचू पाहणाऱ्या मुलाला ‘हे सगळे पुढच्या वर्षी’ असे बजावले जाते. गोष्टी लिहिणारी मुलगी आपली वही आईपासून लपवू लागते. ही बंदी घालणारे आईबाप दुष्ट नसतात. बहुधा त्यांनीच पाचवीपासून त्या मुलाला पेटीच्या क्लासला नेलेले असते. म्हणूनच या रीतीचा विचार टीकेच्या सुरात न करता समजुतीच्या सुरात झाला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रथम पालकांची बाजू. परीक्षेविषयी गोमंतकीय मनात असलेला धाक निराधार नाही. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या. ज्यांच्या आजोबांना सही करता येत नव्हती, त्यांच्या नातवंडांच्या हाती पाटी आली. १९७५ च्या कायद्याने गोव्याला स्वतःचे माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ मिळाले, १९८५ साली विद्यापीठ आले. मुंडकाराचा मुलगा कारकून झाला, कारकुनाची मुलगी डॉक्टर झाली, ती परीक्षेच्या शिडीवरून. ज्या शिडीने घर वर आले, तिच्या एखाद्या पायरीवर पाय घसरू नये, असे घराला वाटले तर त्यात नवल ते काय?

शिवाय ती शिडी आता अधिक उभी आणि अधिक अरुंद झाली आहे. पूर्वी मंडळाची एक परीक्षा दिली, की विद्यार्थी मोकळा होत असे. आज विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला एका वर्षात तीन-तीन आघाड्या सांभाळाव्या लागतात. जेईई मुख्य परीक्षेचे पहिले सत्र जानेवारीत, मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, जेईईचे दुसरे सत्र एप्रिलमध्ये आणि वैद्यकीय शाखेकडे जाणाऱ्यांसाठी नीट परीक्षा मे महिन्यात, असा हा क्रम असतो. नीटला देशभरातून वीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात आणि गोमेकॉतील जागा त्या मानाने मूठभर आहेत. एका-एका गुणाने शेकडो क्रमांक मागेपुढे होतात, हे पालकांना ठाऊक आहे. अशा वेळी वर्तमानपत्राने अग्रलेख लिहून ‘गुणांचा मोह सोडा’ असा उपदेश करणे सोपे, पण अप्रामाणिक आहे. परीक्षेचे वर्ष हे परीक्षेचेच वर्ष आहे, हे आम्ही आरंभीच मान्य करतो.

प्रश्न एवढाच आहे, की ज्यासाठी हे सारे बंद केले जाते, ते त्या बंदीने साधते काय?

थोडा हिशेब मांडून पाहू. चोवीस तासांपैकी आठ तास झोपेचे. ते कमी करू नयेत, कारण दिवसा वाचलेले ध्यानात राहण्यास रात्रीची झोप लागते. सहा तास विद्यालयाचे. पेडणे, सत्तरी किंवा काणकोणच्या एखाद्या गावातून कदंबच्या बसने येणाऱ्या मुलाचा दीड तास वाटेत जातो. शिकवणीचे दोन तास, आंघोळ-जेवणाचे दोन तास आणि स्वतः बसून करावयाच्या अभ्यासाचे साडेतीन तास. बेरीज तेवीस होते. एक तास उरतो. सारा वाद या एका तासाचा आहे. त्यातला अर्धा जरी मुलाने आपल्या आवडीच्या कामास दिला, तरी जून ते जानेवारी या आठ महिन्यांच्या २४५ दिवसांत सुमारे १२२ तास होतात. ही रक्कम लहान नव्हे. एवढ्या तासांत भौतिकशास्त्राची चार प्रकरणे पुन्हा घोकून होतील, असे कुणी म्हटले तर त्यास खोटे म्हणता येणार नाही.

पण माळ्यावर चढवलेल्या तबल्याचा अर्धा तास भौतिकशास्त्राकडे जातो, असे समजणे हीच मुळात चूक आहे. ज्याच्या घरी बारावीचा विद्यार्थी आहे, त्याने हे स्वतः पाहिलेले असते. सहा तास वर्गात आणि दोन तास शिकवणीत बसून आलेल्या मुलाचे डोके रात्री नऊ वाजता आणखी एक समीकरण घ्यावयास तयार नसते. त्याला विसावा हवाच असतो. तबला उघड्यावर असेल तर तो तबल्याकडे वळेल. नसेल तर मोबाइलकडे वळेल. तबला अर्ध्या तासाने आपण होऊन थांबतो, कारण बोटे दुखतात, शेजारी ओरडतात, आई जेवावयास हाक मारते. मोबाइलला असा शेवट नाही. तेथे एक चित्र संपण्यापूर्वी दुसरे पुढे येते. आईबाप ‘छंद बंद केला’ म्हणून समाधान मानतात आणि मुलगा दार लोटून घेऊन दीड तास पडद्यावर बोट फिरवीत राहतो. ज्या तासासाठी घुमट खुंटीला गेले, तो तास अभ्यासाच्या हाती लागलाच नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ‘एकच वर्ष तर सोडायचे, पुढे आयुष्य पडले आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा सर्व वर्षे सारखी आहेत असे आपण गृहीत धरतो. ती सारखी नसतात. मुलाचा आवाज बाराव्या-तेराव्या वर्षी फुटू लागतो आणि सतराव्या-अठराव्या वर्षाच्या सुमारास स्थिर होतो. म्हणजे नव्या आवाजाने गाणे पुन्हा शिकण्याची वेळ नेमकी बारावीत येते, आणि नेमके त्याच वर्षी आपण तंबोरा गवसणीत घालतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना लहानपणापासून बसलेला विद्यार्थी याच वयात प्रवेशिका ओलांडून मध्यमेपर्यंत आलेला असतो. येथपर्यंत केलेली वाटचाल पाठांतराची. राग म्हणजे काय, हे उमजण्यास येथून पुढे सुरुवात होते. विशारद दोन-तीन पावलांवर असते, आणि ती पावले अनेकांच्या आयुष्यात कधीच पडत नाहीत.

कारण बारावीनंतर ‘पुढचे वर्ष’ येते, ते दुसऱ्याच गावी येते. मुलगा पुण्याला, बेळगावला किंवा बंगळूरला वसतिगृहात जातो. तेथे ना गुरू असतो, ना पडवी, ना आरती म्हणणारा शेजार. चार वर्षांनी तो पदवी घेऊन येतो, चवथीला घरी असतो, मंडपात कोपऱ्यात उभा राहून टाळ्या वाजवतो. घुमट हाती दिले तर हसून ‘आता हात बसत नाही’ म्हणतो. गावातील आरतीचे मेळे, भजनी मंडळे, उत्सवी नाटकांचे संच आज पन्नाशीच्या माणसांच्या खांद्यांवर आहेत आणि शाळकरी पोरांच्या उत्साहावर. मधली पिढी त्यांत फारशी दिसत नाही. ती कोठे गळली याचा माग काढला, तर तो पुष्कळदा बारावीच्या वर्षापाशी येऊन थांबतो. २०१९ साली घुमटाला गोव्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला, याचा आम्हांस आनंद आहे. पण वारसा घोषणेने पुढे जात नाही, तो हातातून हातात जातो. आणि एका वर्षी हात मोकळा ठेवला नाही तर साखळी तुटते.

मग काय करावे? येथे आम्हांस एक भेद सुचवावासा वाटतो. प्रत्येक कलेला, प्रत्येक छंदाला दोन अंगे असतात. एक साधनेचे आणि दुसरे सोहळ्याचे. रोजचा रियाज, रोजचे रेखाटन, रोज लिहिलेले अर्धे पान ही साधना. स्पर्धा, प्रयोग, मैफल, प्रदर्शन, जत्रेतले नाटक हा सोहळा. साधनेला रोज अर्धा तास पुरतो आणि ती मन निवविते. सोहळ्याला रात्रीमागून रात्री लागतात आणि तो मन ढवळून काढतो. बारावीच्या वर्षी सोहळा पुढे ढकलावा. साधना सोडू नये. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. एका टोकाला सर्वच बंद करणारी घरे आहेत. दुसऱ्या टोकाला, मुलाच्या नाटकवेडाचे कौतुक करीत ऐन डिसेंबरात त्याला रात्री दोन वाजेपर्यंत तालमीला जाऊ देणारी घरेही आहेत. दोन्हीकडे पहिला बळी मुलाचाच जातो.

हा भेद प्रत्यक्षात कसा उतरेल, याची दोन-तीन उदाहरणे देतो. संगीताची मध्यमेची परीक्षा द्यावयाची असेल तर ती अकरावीत द्यावी. बारावीत परीक्षा नको, पण गुरूंकडे आठवड्यातून एकदा जाणे आणि घरी अर्धा तास बसणे मोडू नये. कार्तिकापासून माघापर्यंत जत्रा-उत्सवांची नाटके चालतात. त्यांत बारावीच्या मुलाने नायकाची भूमिका घेण्याचा हट्ट धरू नये. तालमीत तासभर जाऊन साथ करावी, पडदा ओढावा, आणि नऊच्या आत घरी यावे. एकांकिका दिग्दर्शित करावयाची असेल तर तिची वही यंदा लिहून ठेवावी. रंगमंच मे महिन्यानंतरही तेथेच असतो. जो मुलगा संगणकावर एखादे मोठे काम उभे करीत आहे, त्याने त्याचा एकच लहान भाग यंदा निवडावा आणि तेवढाच पुरा करावा. अपुरे मोठे काम रात्री झोपू देत नाही. पुरे झालेले लहान काम सकाळी अभ्यासाला बळ देते.

आणखी एक उदाहरण आम्हांस विशेष मोलाचे वाटते. चवथीची माटोळी बांधताना कवंडळे, कांगले, तोरिंजने, सुपारीचे घोस, असोळे नारळ अशी रानातली नि कुळागरातली कितीतरी फळे आपण टांगतो. त्यांतील निम्म्या फळांची नावे आज फक्त आजीला ठाऊक असतात. एखाद्या मुलीने यंदा एवढेच ठरवले, की दर रविवारी आजीजवळ बसून एका फळाचे नाव, ते कोणत्या डोंगरावर मिळते, कशाला उपयोगी पडते हे वहीत उतरायचे आणि त्याचे शास्त्रीय नाव शोधायचे, तर वर्षाअखेरीस एक सुंदर ग्रंथिका तयार होईल. बारावीच्या जीवशास्त्रात जैवविविधता व तिचे संवर्धन यांवर प्रकरण आहे. मेघालयातील खासी आणि जयंतिया टेकड्यांतील व पश्चिम घाटातील देवरायांचा त्यात उल्लेख येतो. सत्तरीतील देवराईत आजोबांबरोबर गेलेल्या मुलीला ते प्रकरण घोकावे लागणार नाही. छंद आणि अभ्यास नेहमीच असे हातात हात घालून चालत नाहीत, आणि चालले पाहिजेत असेही नाही. पण जेथे चालतात, तेथे तरी आपण त्यांची ताटातूट करू नये.

या विषयावर लिहिताना थोरांचे दाखले देण्याची प्रथा आहे. आम्हीही देऊ शकतो. गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी हे व्यवसायाने गणिती. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाणारा हा गणिती प्राचीन नाणी तराजूत तोलीत बसे आणि त्या वजनांतून इतिहासाचे अनुमान काढी. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा त्यांचा ग्रंथ १९५६ साली निघाला, तो गणिताच्या नोकरीबाहेरच्या या उद्योगातून. मंगेशीच्या पंडित जितेंद्र अभिषेकींनी संस्कृत घेऊन पदवी मिळवली आणि गाणेही सोडले नाही. त्यांच्या नाट्यपदांतील शब्दांची जाण कोठून आली, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. परंतु या दाखल्यांची मर्यादाही आम्ही ओळखतो. पालक म्हणतील, कोसंबी एखादाच होतो; आणि ते खरे आहे. आमचा आग्रह म्हणूनच मुलाने कोसंबी किंवा अभिषेकी व्हावे असा नाही. तो चांगला डॉक्टर, चांगला अभियंता, चांगला कारकून, चांगला दुकानदार होईल, आणि शिवाय चवथीला त्याच्या हाती घुमट असेल, एवढ्यासाठीच हा आग्रह आहे. थोरांना त्यांची कला कुणी शिकवीत बसावे लागत नाही; सामान्यांचीच कला एका वर्षाच्या दुर्लक्षाने मरते.

या चर्चेत एक बाजू सहसा बोलली जात नाही, ती मुलींची. वर आम्ही मांडलेला तेवीस तासांचा हिशेब मुलाचा आहे. अनेक घरांत बारावीच्या मुलीच्या दिवसात भांडी, केर, धाकट्या भावाचा अभ्यास, आजारी आजीची शुश्रूषा हेही तास असतात, आणि ते त्या उरलेल्या एका तासातूनच कापले जातात. मुलाला ‘यंदा बारावी आहे’ म्हणून उठून पाणीही घ्यावे लागत नाही. मुलीला ‘यंदा बारावी आहे’ म्हणून फुगडीचा सराव तेवढा सोडावा लागतो, चूल सोडावी लागत नाही. तीच गोष्ट बापाच्या गाड्यावर किंवा आईच्या फुलांच्या दुकानावर संध्याकाळी बसणाऱ्या मुलांची. त्यांना समतोल राखण्याचे पाठ देणाऱ्यांनी आधी त्यांचा तास त्यांना परत मिळवून द्यावा. आवडीच्या कामाला वेळ असणे ही सुखवस्तू घराची मिरास होऊन बसली, तर उद्याची कलाही त्याच घरांपुरती उरेल.

सरकारी पातळीवर या प्रश्नाकडे अगदीच दुर्लक्ष झाले आहे, असे म्हणता येणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यामधील कडेकोट भिंती पाडण्याची भाषा केली आहे. खेळातील कामगिरीसाठी गोवा मंडळ विद्यार्थ्याच्या गुणांत भर घालते. महाराष्ट्रात दहावीला शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकला यांसाठी वाढीव गुण मिळतात. तशीच सवलत गोव्यातही कलांना द्यावी, अशी मागणी अधूनमधून ऐकू येते. तिला आमचा विरोध नाही. मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाला जे मिळते, ते पखवाजावर घाम गाळणाऱ्याला का मिळू नये? पण या उपायावर फार भिस्त ठेवू नये, असेही आम्ही सुचवितो. ज्या गोष्टीला गुण मिळतात, तिची शिकवणी सुरू होते, तिची प्रमाणपत्रे गोळा होऊ लागतात आणि मग तीही एक विषय होऊन बसते. मुलाच्या आयुष्यात एक तरी काम असे असावे, ज्याला कुणी गुण देत नाही. त्यातच त्याला आपली स्वतःची मोजपट्टी सापडते.

हा केवळ कलेचा प्रश्न नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. प्रत्येक घटनेमागे वेगवेगळी आणि गुंतागुंतीची कारणे असतात. तबला वाजवू दिला असता तर अमुक वाचला असता, असे म्हणण्याचा उथळपणा आम्ही करणार नाही. पण ज्या मुलाच्या जगात परीक्षा ही एकच खिडकी ठेवलेली असते, त्याला ती खिडकी मिटताच सारे घर अंधारलेले दिसते, हे समजावयास मानसशास्त्र शिकावे लागत नाही. आपण आणखी कशात तरी बरे आहोत, आपली कुणाला तरी कोठेतरी वाट पाहावीशी वाटते, ही जाणीव वाईट निकालाच्या दिवशी माणसाला धरून ठेवते. भजनी मंडळातली आपली जागा, क्रिकेटच्या संघातला आपला क्रमांक, अर्धी लिहिलेली कथा या सगळ्या दुसऱ्या खिडक्या आहेत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत क्रीडा, कला आणि व्यक्तिमत्त्वविकासाच्या उपक्रमांना महत्त्व देण्याचेही सांगितले आहे. न्यायालयाला हे सांगावे लागावे, यातच आपल्या शिक्षणाची स्थिती आली.

मग शिकवणी वर्गांचे काय? केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला पाच तासांहून अधिक वर्ग नको, आठवड्याची सुटी हवी, सुटीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी नको, अशी कलमे त्यांत आहेत. कलमे चांगली आहेत. ती आपल्या गावातल्या वर्गात पाळली जातात काय, हे पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी विचारावे. चवथीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवणाऱ्या वर्गाला ‘ही चाचणी चार दिवस पुढे घ्या’ असे दहा पालकांनी मिळून सांगितले, तर ती पुढे जाते. उच्च माध्यमिक विद्यालयांनीही स्नेहसंमेलनातून बारावीच्या वर्गाला अलगद वगळण्याची प्रथा सोडावी. त्यांना प्रमुख भूमिका नको असतील तर देऊ नयेत, पण दारही लावू नये.

कलासंस्थांची जबाबदारीही कमी नाही. तालीम रात्री साडेनऊला सुरू करून बारावीच्या मुलाने यावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. आठवड्यातील दोन दिवस संध्याकाळी साडेसहा ते साडेसात अशी वेळ ठेवली, तर शिकवणीहून घरी जाणारा मुलगा वाटेत डोकावू शकेल. श्रावणातल्या भजनी सप्ताहात त्याला पहाटेच्या पारावर बसवू नये, संध्याकाळच्या एका अभंगापुरते बोलवावे. मंडळातील वडीलधाऱ्यांनी त्याला ‘तुझी जागा आम्ही राखून ठेवली आहे’ एवढे एक वाक्य सांगितले, तरी त्याचे वर्ष हलके होईल. आज होते ते असे, की बारावीचा म्हणून आपण त्याला आधीच सोडून दिलेले असते आणि मग पुढे तो आला नाही, म्हणून नव्या पिढीला नावे ठेवीत बसतो.

आणि शेवटी आमची, म्हणजे वृत्तपत्रांची, चूकही कबूल केली पाहिजे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गुणवंतांची छायाचित्रे छापतो, त्यांना किती टक्के पडले ते ठळक अक्षरांत देतो, आणि ते दिवसाला किती तास अभ्यास करीत होते, हे कौतुकाने विचारतो. तू वर्षभर आणखी काय केलेस, असे आम्ही क्वचितच विचारले आहे. चौसष्ट टक्के मिळवून ज्याने वर्षभर गावच्या आरतीची साथ सोडली नाही, त्याचे छायाचित्र तर आम्ही कधीच छापले नाही. समाज ज्याला विचारतो, तेच मुले देऊ लागतात. आपण सर्वांनी मिळून एकच प्रश्न विचारला, म्हणून त्यांनी एकच उत्तर तयार केले.

यंदा ज्यांच्या घरी बारावी आहे, त्यांच्यापुढे आम्ही एवढीच विनंती ठेवतो. मुलाबरोबर बसून त्याच्या दिवसाचा हिशेब एकदा कागदावर मांडा. त्यातील उरलेला तास कोणाचा, हे त्याला ठरवू द्या, आणि त्यात मोबाइल कोठे बसतो, हेही त्यालाच विचारा. सोहळे पुढे ढकला. तो ते समजून घेईल, मुले आपल्याला वाटतात त्याहून शहाणी असतात. पण त्याची रोजची साधना त्याला ठेवू द्या. जानेवारीत सराव परीक्षा जवळ आल्यावर अर्ध्या तासाचा पाव तास झाला तरी हरकत नाही. पाव तास म्हणजे शून्य नव्हे, आणि धागा तुटत नाही तोवर तो पुन्हा विणता येतो.

या चवथीला संध्याकाळी आरतीसाठी शेजारी जमतील, तेव्हा दार लोटून अभ्यासाला बसलेल्या मुलाला हाक मारा. घुमट त्याच्या हाती द्या. एक आरती होऊ द्या, मग तो आपण होऊन पुस्तकाकडे परत जाईल. पुढच्या वर्षी तो कोठेही असला, तरी या एका आरतीसाठी गावी परत येईल.